विश्लेषण : अडगळीतला लॅपटॉप, चिमुकले लिनक्स आणि घरातले स्वच्छ सूर!

जळगाव असो की धुळे, अनेक घरांत दोन वस्तू हमखास सापडतात. माळ्यावर जुन्या कॅसेटचा डबा आणि कपाटात हळू झालेला एखादा लॅपटॉप. कॅसेटमध्ये कानबाईची गाणी असतात, नाट्यसंगीत असते, कधी घरातल्याच एखाद्या आजीचा आवाज असतो. लॅपटॉप नव्या विंडोजला पेलवत नाही म्हणून पडून असतो. या दोन्हींना पुन्हा कामाला लावणारा एक स्वस्त मार्ग आहे. लिनक्सवर चालणारा, गाणे वाजवण्यापलीकडे काहीही न करणारा म्युझिक प्लेअर. त्याने आवाज खरेच सुधारतो का, आणि ४५ अंशांच्या उन्हाळ्यात व वीज जाण्या-येण्यात तो टिकतो का, याचा हा आढावा.

फोनवर गाणी वाजतातच, मग हे कशाला?

फोन सोयीचा आहे, पण फोनवरून ब्लूटूथ स्पीकरवर गाणे पाठवताना आवाज हवेतून जाण्याआधी पुन्हा एकदा दाबला जातो. गाण्याची फाइल आधीच एमपी३ असेल, तर दाबलेले पुन्हा दाबले जाते. शिवाय मध्येच फोन येतो, नोटिफिकेशन वाजते, बॅटरी संपते.

दुसरा मुद्दा मालकीचा. स्ट्रीमिंग सेवेवर असलेले गाणे आपले नसते. कंपन्यांमधला करार संपला की गाणे यादीतून गायब होऊ शकते. घरच्या कार्यक्रमात टेप केलेले अहिराणी गीत तर तिथे नसतेच. अशा गाण्यांसाठी स्वतःचा संग्रह आणि तो नीट वाजवणारे यंत्र, हाच उपाय उरतो.

फाइलपासून कानापर्यंत आवाजाचा प्रवास कसा होतो?

डिजिटल गाणे म्हणजे आकड्यांची रांग. सीडीवर प्रत्येक सेकंदाला ४४,१०० नमुने असतात आणि प्रत्येक नमुना १६ बिटचा. प्लेअर फाइल उलगडतो, हे आकडे ‘डॅक’ नावाच्या चिपला देतो. डॅक त्यांचे विजेच्या लहरीत रूपांतर करतो, अ‍ॅम्प्लिफायर ती लहर मोठी करतो आणि स्पीकर हवा हलवतो.

अडचण प्लेअर आणि डॅक यांच्या मधल्या टप्प्यात येते. नेहमीच्या संगणकात व फोनमध्ये सगळ्या अ‍ॅपचे आवाज एकत्र करणारा एक मिक्सर असतो. व्हिडिओ, गाणे आणि नोटिफिकेशनचा टिंग एकाच स्पीकरमधून यावेत म्हणून तो सगळ्यांना एका वेगावर आणतो, बहुतेकदा सेकंदाला ४८,००० नमुन्यांवर. म्हणजे सीडीचे ४४,१०० नमुने नव्याने मोजून ४८,००० केले जातात. आजचे चांगले सॉफ्टवेअर हे काम बऱ्यापैकी करते, पण जे करण्याची गरजच नाही ते न करणे केव्हाही चांगले. फाइलमधले आकडे जसेच्या तसे डॅकपर्यंत पोहोचवण्याला ‘बिट-परफेक्ट’ म्हणतात.

लिनक्समध्ये ‘अल्सा’ ही आवाजाची यंत्रणा थेट कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातच आहे. मधला मिक्सर वगळून प्लेअर सरळ डॅकशी बोलू शकतो. मिनिमलिस्ट प्लेअरचा खरा फायदा तो इथेच.

‘मिनिमलिस्ट’ प्लेअर म्हणजे नेमके काय?

सर्वांत परिचित उदाहरण ‘एमपीडी’, अर्थात म्युझिक प्लेअर डीमन. २००३ पासून विकसित होत असलेला हा मुक्त प्रोग्राम आहे. त्याला स्वतःची खिडकी नाही, बटणे नाहीत, अल्बमची चित्रे नाहीत. तो पडद्यामागे चालतो, गाण्यांची यादी सांभाळतो आणि आवाज डॅककडे पाठवतो. ‘वाजव’, ‘थांब’, ‘पुढचे’ हे सांगायला दुसरे छोटे अ‍ॅप लागते. ते फोनवर असू शकते किंवा ब्राउझरमध्ये. फोन इथे फक्त रिमोट असतो. आवाज फोनमधून जातच नाही. फोन बंद पडला तरी गाणे चालू राहते.

ज्यांना संगणकासमोर बसूनच ऐकायचे आहे त्यांच्यासाठी ‘सीमस’सारखे प्लेअर आहेत, जे काळ्या टर्मिनलमध्ये नुसत्या अक्षरांवर चालतात. मात्र अनेक टर्मिनलमध्ये देवनागरी जोडाक्षरे फुटलेली दिसतात. गाण्यांची नावे मराठीत किंवा अहिराणीत लिहिलेली असतील, तर ब्राउझरमधून चालवणे अधिक बरे.

लिनक्स येत नसेल तर?

त्यासाठी तयार प्रणाली आहेत. ‘रास्पबेरी पाय’ या खिशात मावणाऱ्या संगणकाची पहिली आवृत्ती २०१२ मध्ये आली. त्याच्यावर ‘व्हॉल्युमिओ’, ‘मूड ऑडिओ’ किंवा ‘पायकोअरप्लेअर’ यांपैकी एक मेमरी कार्डावर उतरवायचे, कार्ड खोचायचे आणि घरच्या वायफायवर फोनच्या ब्राउझरमधून ते उघडायचे. पहिल्या दोन्हींच्या पोटात एमपीडीच आहे. पायकोअरप्लेअर ‘टायनी कोअर’ या अतिलहान लिनक्सवर उभा आहे आणि तो ‘स्क्वीझलाइट’ हा प्लेअर वापरतो.

स्क्वीझलाइटची कुळकथा सांगण्याजोगी आहे. ‘स्लिम डिव्हाइसेस’ या कंपनीचे स्क्वीझबॉक्स हे प्लेअर एकेकाळी लोकप्रिय होते. २००६ मध्ये लॉजिटेकने ती कंपनी घेतली, २०१२ मध्ये ही उपकरणे बंद झाली. पण सर्व्हरचे सॉफ्टवेअर मुक्त असल्याने वापरकर्त्यांनीच ते जिवंत ठेवले. आज ते ‘लिरियन’ या नावाने चालू आहे. कंपनी गेली तरी घरातले यंत्र गप्प बसले नाही, हा मुक्त सॉफ्टवेअरचा मोठा लाभ.

पाय विकत घ्यायचा नसेल, तर दहा वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही पुरतो. त्यावर डेबियनसारखे लिनक्स ग्राफिक पडद्याशिवाय बसवून एमपीडी टाकता येतो. गाणे वाजवायला फार ताकद लागत नाही.

उन्हाळा आणि वीज : खान्देशात हे टिकेल का?

मे महिन्यात जळगाव-धुळ्याचा पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. अशा वेळी पूर्ण प्रणाली चालवणारा जुना लॅपटॉप तापतो आणि त्याचा पंखा घरघरतो. शांत आलापात ती घरघर स्पष्ट ऐकू येते. छोट्या प्रणालीवर प्रोसेसर जवळपास रिकामा असतो, त्यामुळे उष्णता कमी. पायसारख्या यंत्राला पंखा नसला तरी चालतो. धातूची पेटी पुरते. फक्त ते गरम अ‍ॅम्प्लिफायरवर किंवा बंद शोकेसमध्ये ठेवू नये.

विजेचा हिशेब सोपा आहे. तीन वॉटचे यंत्र वर्षभर चोवीस तास चालू ठेवले तर सुमारे २६ युनिट वीज लागते. ६० वॉटचा डेस्कटॉप रोज फक्त पाच तास चालवला तरी वर्षाला जवळपास ११० युनिट होतात.

वीज अचानक गेली तर? मेमरी कार्डावर लिहिणे चालू असताना वीज गेली की प्रणाली बिघडू शकते. पायकोअरप्लेअर यावर चांगला तोडगा देतो. सुरू होताना तो स्वतःला रॅममध्ये उतरवून घेतो आणि नंतर कार्डाला सहसा हात लावत नाही. त्यामुळे वीज गेल्याने प्रणाली खराब होण्याचा धोका फारच कमी होतो. ज्या भागात वीज वारंवार जाते तिथे हा गुण सुंदर स्क्रीनपेक्षा जास्त मोलाचा.

२४ बिट, १९२ किलोहर्ट्‌झ : मोठा आकडा म्हणजे मोठा आनंद?

बहुतेक वेळा नाही. माणसाचा कान साधारण २० किलोहर्ट्‌झपर्यंत ऐकतो आणि वय वाढते तशी ही मर्यादा खाली येते. सीडीचे ४४.१ किलोहर्ट्‌झ एवढा पल्ला टिपायला पुरतात. १६ बिटमध्ये सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातले अंतर सुमारे ९६ डेसिबल मिळते. बाजूला कूलर चालू असेल तर त्याचा बराच भाग कूलरच गिळतो!

बालगंधर्वांचे उदाहरण घेता येईल. जळगावात त्यांच्या नावाचे खुले नाट्यगृह आहे आणि त्यांच्याच नावाने इथे दरवर्षी संगीत महोत्सव भरतो. त्यांची मूळ ध्वनिमुद्रणे ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरची, एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांची. त्या काळच्या यंत्राने जे टिपलेच नाही, ते १९२ किलोहर्ट्‌झची फाइल कुठून आणणार? तिथे महत्त्वाचे असते ते तबकडीवरून काळजीपूर्वक उतरवणे.

फरक पडतो तो वेगळ्या गोष्टींनी. फाइल एमपी३ ऐवजी ‘फ्लॅक’ असणे हा त्यातला पहिला. फ्लॅकमध्ये एकही आकडा न गमावता फाइल साधारण अर्ध्यावर येते. सीडीचा एक तास सुमारे ६३५ एमबी, तोच फ्लॅकमध्ये ३०० ते ४०० एमबी. म्हणजे १२८ जीबीच्या पेनड्राइव्हवर तीनशे तासांहून अधिक संगीत मावते. दुसरी गोष्ट सलगतेची. मैफलीच्या मुद्रणात आलाप, विलंबित, द्रुत अशा वेगळ्या फाइली असतात. दोन फाइलींमध्ये क्षणभर खंड पडला तरी रसभंग होतो. एमपीडी त्या न थांबता जोडून वाजवतो.

माळ्यावरच्या कॅसेटचे काय करायचे?

खान्देशासाठी हा भाग सर्वांत तातडीचा. लता मंगेशकर यांचे आजोळ तापीकाठचे थाळनेर, धुळे जिल्ह्यातले. लतादीदींच्या गाण्यांच्या प्रती जगभर आहेत, त्या कुठेही जाणार नाहीत. पण थाळनेरच्याच एखाद्या घरात श्रावणातल्या कानबाईला म्हटलेली गाणी एकाच कॅसेटवर असतील, तर ती कॅसेट गेली की गाणीही गेली. चुंबकीय फीत उष्णतेने आणि धुळीने खराब होते. पत्र्याखालचा माळा ही तिच्यासाठी सर्वांत वाईट जागा.

काम अवघड नाही. चालू स्थितीतला कॅसेट प्लेअर घ्यावा, त्याचे डोके स्पिरिटने पुसावे. त्याची लाइन-आउटची वायर संगणकाच्या लाइन-इनला किंवा यूएसबी साउंड कार्डला जोडावी. ‘ऑडॅसिटी’ या मोफत प्रोग्राममध्ये २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झवर पूर्ण बाजू टेप करावी. मुद्रण करताना आवाजाची पातळी लाल रेषेच्या बरीच खाली ठेवावी. एकदा फाटलेला आवाज नंतर दुरुस्त होत नाही. खरखर काढण्याची घाई करू नये. मूळ फाइल तशीच फ्लॅकमध्ये ठेवावी आणि सफाई तिच्या प्रतीवर करावी.

फ्लॅकमध्ये गाण्याचे नाव, गाणाऱ्या बाईंचे नाव, गाव, वर्ष देवनागरीत लिहिता येते. फाइल पुढे कधी खराब झाली का, हे तपासण्याची खूणही तिच्यातच असते. डिसेंबर २०२४ मध्ये फ्लॅकला इंटरनेटच्या खुल्या मानकाचा दर्जा मिळाला, त्यामुळे ती फाइल उलगडणे कोणा एका कंपनीच्या मर्जीवर अवलंबून नाही. प्रती दोन ठेवाव्यात, आणि त्या दोन वेगळ्या घरांत.

विकतच्या कॅसेट घरी ऐकण्यासाठी उतरवणे वेगळे आणि त्या परवानगीशिवाय नेटवर टाकणे वेगळे, हे भान ठेवावे.

पैसे कुठे घालावेत?

प्लेअर सॉफ्टवेअर मोफत आहे. संगणक जुना चालतो. पायच्या आधीच्या बहुतेक मॉडेलवरचे हेडफोनचे छिद्र मात्र साधारण दर्जाचे; ते टाळून यूएसबी डॅक किंवा पायवर बसणारे डॅक कार्ड घ्यावे. जळगावच्या गोलाणी मार्केटसारख्या ठिकाणी किंवा ऑनलाइन खरेदी करताना यूएसबी डॅक ‘ड्रायव्हरशिवाय चालतो का’ एवढे विचारले तरी पुरे. असे डॅक लिनक्सवर सहसा लगेच ओळखले जातात. उरलेले सगळे पैसे स्पीकरसाठी. आवाजात सर्वांत मोठा फरक त्यांनीच पडतो.

त्यानंतर खोली. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंती असलेल्या नव्या फ्लॅटमध्ये आवाज घुमतो. जाड पडदा, सतरंजी, समोरच्या भिंतीवर टांगलेली गोधडी हा घुमारा कमी करतात. स्पीकर भिंतीला चिकटवू नयेत, त्यांचे तोंड बसणाऱ्याच्या कानाच्या उंचीवर असावे. सतत ‘हम्म’ असा आवाज येत असेल तर आधी घराचे अर्थिंग तपासावे. तो दोष कोणतेही सॉफ्टवेअर काढू शकत नाही.

सेटिंग करताना काय सांभाळावे?

तीन गोष्टी. आउटपुट थेट डॅककडे द्यावे, नमुन्यांचा वेग बदलणे बंद ठेवावे आणि आवाज कमी-जास्त करणे अ‍ॅम्प्लिफायरवर सोपवावे. मात्र सॉफ्टवेअरचा व्हॉल्यूम बंद केला की प्लेअर पूर्ण जोराने आवाज पाठवतो. म्हणून पहिले गाणे लावण्याआधी अ‍ॅम्प्लिफायरची चावी शून्यावर आणावी, नाहीतर स्पीकर आणि कान दोन्हींना धोका.

मर्यादा काय?

वाईट फाइल यातून चांगली होत नाही. १२८ केबीपीएसच्या एमपी३ मधून जे कापले गेले ते परत येत नाही. सर्व स्ट्रीमिंग सेवा या प्रणालींवर सहज चालत नाहीत, काहींसाठी वेगळे शुल्क लागते. पहिल्या दिवशी दोन-तीन तास खटपट होते. गाण्यांची नावे नीट भरायला तर अख्खा उन्हाळा जाईल. पण ते काम दुपारी घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून करावे. कॅसेटवर गाणारी बाई कोण, हे सांगणारे आज घरात आहेत; ती माहिती फाइलमध्ये आत्ताच लिहून ठेवलेली बरी.