‘जाऊन’ आणि ‘ठेवून’: हा ‘व’ कुणाचा?

मुलांच्या वह्यांत ‘जावून’, ‘देवून’, ‘ठेऊन’, ‘जेऊन’ ही रूपे हमखास भेटतात. तांबड्या शाईने ती खोडली जातात, योग्य रूप दहादा लिहून घेतले जाते आणि पुढच्या निबंधात ‘खावून’ हजर होते. याला आपण निष्काळजीपणा म्हणतो. माझे मत उलट आहे. मूल नीट ऐकते, म्हणूनच ते असे लिहिते.

‘आ’ किंवा ‘ए’ या स्वरांनंतर ‘ऊ’ म्हणताना ओठ गोल होतात आणि मध्ये ‘व’सारखा ध्वनी आपसूक डोकावतो. ‘जाऊन’ आणि ‘धावून’ यांच्या शेवटांत कानाला फरक लागत नाही. त्यातच ‘जावे’, ‘यावे’ ही रूपे मुलाच्या ओळखीची असतात. ‘जावे’मध्ये व आहे, तर ‘जावून’मध्ये का नको? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर पाठांतरात नाही.

उत्तर धातूत आहे. ‘जावे’तला व ‘आवे’ या प्रत्ययाचा आहे. धातू नुसता ‘जा’. ‘ठेवावे’त मात्र दोन व आहेत: पहिला धातूचा, दुसरा प्रत्ययाचा. प्रत्यय ‘ऊन’ असेल, तर धातूचा व असेल तेवढाच उरतो. म्हणून जा + ऊन = जाऊन, ठेव + ऊन = ठेवून.

लहान मुलाला ‘धातू’ हा शब्दही सांगावा लागत नाही. ‘ऊन’ काढून ‘तो’ लावायला सांगावे. ठेवतो, जेवतो, धावतो, चावतो: व स्पष्ट ऐकू येतो, म्हणून ठेवून, जेवून, धावून, चावून. जातो, देतो, घेतो, गातो: व नाही, म्हणून जाऊन, देऊन, घेऊन, गाऊन. जो कान फसवत होता, तोच आता साक्षीदार होतो. ‘जाऊ’, ‘ठेवू’ यांनाही हीच कसोटी लागते.

या एका अक्षरावर कधी अर्थही उभा असतो. ‘हसून’ म्हणजे स्वतः हसून, ‘हसवून’ म्हणजे दुसऱ्याला. ‘शिकून’ आणि ‘शिकवून’ यांतही विद्यार्थी आणि शिक्षक एवढे अंतर आहे.

ऱ्हस्व-दीर्घाचेही असेच. साहित्य महामंडळाचे १४ लेखननियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले. १९७२ मध्ये आणखी चारांची भर पडली. शब्दाच्या अखेरचा इकार-उकार दीर्घ, हा त्यांतलाच नियम. म्हणून ‘पी’, ‘धू’ दीर्घ. प्रत्यय लागताच तो स्वर अखेरचा राहत नाही: पितो, पिऊन, धुतो, धुऊन. नियम तोच, फक्त जोड कुठे आहे ते दिसायला हवे.

वारंवार खोडले गेलेले मूल शुद्ध लिहू लागतेच असे नाही. पुष्कळदा ते अवघड शब्द टाळू लागते आणि त्याची वाक्ये आखूड होत जातात. हे नुकसान चुकीच्या व-पेक्षा मोठे आहे. म्हणून खोडण्याआधी एकदा विचारावे, “बाळा, याला ‘तो’ लावून बघ बरं.” पुढचे बहुधा ते स्वतःच दुरुस्त करते.