क्रांती नेपाळची, तडजोड दिल्लीची

भारत-नेपाळ संबंधांतील कटुतेची चर्चा निघाली की २०१५ च्या नाकेबंदीचा उल्लेख हमखास होतो. त्या अविश्वासाचे मूळ मात्र बरेच जुने, १९५०-५१ च्या हिवाळ्यातले आहे. विशेष म्हणजे, त्या वेळी दिल्ली लोकशाहीच्या बाजूने उभी होती.

६ नोव्हेंबर १९५० रोजी राजे त्रिभुवन यांनी काठमांडूतील भारतीय दूतावासात आश्रय घेतला. शतकाहून अधिक काळ वंशपरंपरेने सत्ता भोगणाऱ्या राणा घराण्याचे पंतप्रधान मोहन शमशेर यांनी दुसऱ्याच दिवशी राजांचा तीन वर्षांचा नातू ज्ञानेंद्र याला गादीवर बसवले. त्रिभुवन विमानाने दिल्लीत आले आणि इकडे नेपाळी काँग्रेसने सीमाभागातून सशस्त्र उठाव सुरू केला. ब्रिटनचा कल बालराजाला मान्यता देण्याकडे होता. पंडित नेहरूंनी ती साफ नाकारली आणि तेथेच राणाशाहीचे भवितव्य ठरले.

परंतु नेहरूंच्या भूमिकेला दुसरीही बाजू होती. ऑक्टोबर १९५० मध्ये चिनी फौजा तिबेटमध्ये शिरल्या होत्या. नेपाळची सुरक्षा ही भारताच्या सुरक्षेपासून वेगळी मानता येणार नाही, अशी भूमिका त्यांनी ६ डिसेंबरला संसदेत मांडली. शिवाय ३१ जुलैचा भारत-नेपाळ मैत्री करार याच मोहन शमशेर यांच्या स्वाक्षरीने झाला होता. दिल्लीला परिवर्तन हवे होते. अराजक मात्र नको होते.

फेब्रुवारी १९५१ मधील ‘दिल्ली तडजोड’ या दुहेरी गरजेतून जन्मली. राजे परतले, मंत्रिमंडळात राणा आणि नेपाळी काँग्रेस यांना समान वाटा मिळाला, आणि ज्यांच्याविरुद्ध क्रांती झाली ते मोहन शमशेरच पंतप्रधानपदी राहिले! तडजोड धुडकावणाऱ्या डॉ. के. आय. सिंह यांच्या बंडखोरांविरुद्ध भारतीय तुकड्या सीमेपलीकडे गेल्या. पुढे गोविंद नारायण हे भारतीय सनदी अधिकारी राजांचे सचिव झाले आणि १९५२ मध्ये भारतीय लष्करी पथक काठमांडूत दाखल झाले. मदतनीस केव्हा पालक झाला, हे दिल्लीच्या लक्षात आले नाही. काठमांडूच्या मात्र आले.

संमिश्र मंत्रिमंडळ नोव्हेंबर १९५१ मध्येच कोसळले. १८ फेब्रुवारीच्या राजघोषणेत जनतेने निवडलेल्या संविधान सभेचे आश्वासन होते. ते पुरे व्हायला २००८ साल उजाडावे लागले. खरा लाभ राजसत्तेचा झाला. १९५९ मध्ये निवडून आलेले बी. पी. कोईराला यांचे सरकार राजे महेंद्र यांनी डिसेंबर १९६० मध्ये बरखास्त केले.

तोच धडा २००६ मध्ये पुन्हा समोर आला. माओवादी आणि सात पक्ष यांच्यातील बारा कलमी समझोता नोव्हेंबर २००५ मध्ये दिल्लीतच झाला होता. तरीही आंदोलन शिगेला पोहोचताच दिल्लीने डॉ. करणसिंह यांना राजांकडे पाठवले. २१ एप्रिलच्या राजघोषणेचे भारताने स्वागत केले. आंदोलकांनी ती फेटाळताच परराष्ट्र सचिव श्याम सरन यांना सारवासारव करावी लागली. तेव्हाचे राजे म्हणजे १९५० चा तोच बालराजा, ज्ञानेंद्र. या वेळी मधला मार्ग जनतेनेच बंद केला आणि २८ मे २००८ रोजी नेपाळ प्रजासत्ताक झाला.

२०१५ मध्ये नेपाळची राज्यघटना जाहीर होण्याच्या तोंडावर परराष्ट्र सचिव काठमांडूला गेले. पाठोपाठ सीमेवरील वाहतूक ठप्प झाली. भारताने नाकेबंदीचा आरोप नाकारला, पण १९५१ ची आठवण जपणाऱ्या नेपाळला तो खुलासा पटणे शक्य नव्हते. मार्च २०१६ मध्ये ओली सरकारने चीनशी पारगमन करार केला. ज्या चीनला दूर ठेवण्यासाठी नेहरूंनी मधला मार्ग काढला, त्याच चीनचे दार दिल्लीच्या दबावाने उघडले.

सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांच्या उठावाने ओली सरकार पडले आणि सुशीला कार्की यांचे अंतरिम सरकार आले, तेव्हा दिल्लीने जाहीरपणे तरी संयम राखला. साऊथ ब्लॉकने हा संयम प्रसंगापुरता न ठेवता धोरण म्हणून स्वीकारला पाहिजे. शेजाऱ्याच्या क्रांतीला आश्रय द्यावा, मान्यता द्यावी; तिचा मसुदा मात्र त्यालाच लिहू द्यावा.