डोंगरावरची बाग : आधी दिवस मोजा, मग बी पेरा



आपल्या समाजातील बहुतेक कुटुंबे लोद, रमले, अश्दोद, बेर शेवा, दिमोना अशा ठिकाणी राहतात. पण मुलामुलींच्या नोकरीमुळे किंवा लग्नामुळे काही जणांना उतारवयात डोंगरात यावे लागले आहे. कोणी त्स्फातला, कोणी यरुशलाईमला, कोणी थेट गोलानवर. मी स्वतः गेली तीस वर्षे गलिलीच्या डोंगरात राहते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माझा बराचसा वेळ घरामागच्या चार वाफ्यांत आणि वीसेक कुंड्यांत जातो. त्यामुळे सणासमारंभात भेटणाऱ्या बायका मला एकच प्रश्न विचारतात, ‘बाई, बी तेच, माती चांगली, पाणी वेळेवर घालते, मग वालाला शेंग का धरत नाही? भेंडी वीतभर होऊन का थांबते?’

या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात असे, की डोंगरावर बी, माती आणि पाणी यांच्याइतकाच हिशेब दिवसांचा असतो. कोकणात आपल्या वाडवडिलांना तो कधी करावा लागला नाही. तिथे ऊब बाराही महिने असते, कमी पडते ते पाणी, म्हणून सगळी शेती पावसाकडे डोळे लावून. इथे उलट आहे. पाऊस पडतो तो थंडीत आणि ऊब येते ती कोरड्या उन्हाळ्यात. पाणी आपण नळाने देऊ शकतो, ऊब देऊ शकत नाही. म्हणून डोंगरावरच्या माळ्याने पहिली गोष्ट शिकायची ती ही, की आपल्याकडे उबेचे दिवस किती आहेत.

उंची आणि थंडी

समुद्रसपाटीपासून वर जाऊ लागलो की दर १०० मीटरला हवा साधारण अर्ध्या अंशाहून थोडी अधिक थंड होते. त्स्फात सुमारे ९०० मीटर उंचीवर आहे. म्हणजे अश्दोदपेक्षा तिथे सरासरी पाच अंश तरी थंड असते. गोलानच्या उत्तरेकडील एल रोम किंवा मजदल शम्स ही गावे १,००० मीटरच्याही वर आहेत आणि त्यांच्या माथ्यावर २,८१४ मीटरचा हर्मोन बर्फ घेऊन उभा असतो.

पाच अंश ऐकायला थोडे वाटतात, पण भेंडीला विचारा. भेंडी, पडवळ, शिराळी, दुधी, अळू ही सारी उष्ण प्रदेशातील मंडळी. रात्री १५ अंशांच्या खाली हवा गेली की त्यांची वाढ मंदावते, १० अंशांच्या आसपास ती थांबते आणि दव गोठले की झाड काळे पडून मरते. आमच्या डोंगरात रात्री खऱ्या अर्थाने उबदार होतात त्या मेच्या मध्यानंतर, आणि सप्टेंबर संपता संपता पुन्हा गार होतात. म्हणजे या भाज्यांसाठी आपल्या हातात साडेचार महिने आहेत. त्यात बसेल तेच पेरायचे.

साधारण अंदाज असा : बी पेरल्यापासून पहिली भेंडी ५० ते ६० दिवसांत मिळते, काकडीही तेवढ्याच दिवसांत. शिराळी आणि दुधी यांना ६० ते ७० दिवस, पडवळाला त्याहून थोडे अधिक. हे आकडे उबदार जागेचे आहेत. डोंगरावर त्यात दोन आठवडे मिळवा. तरीही या साऱ्या साडेचार महिन्यांत आरामात बसतात. हळद मात्र आठ-नऊ महिने मागते, म्हणून ती उघड्या वाफ्यात जमणार नाही. ती फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात कुंडीत लावायची, उन्हाळाभर बाहेर ठेवायची आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा आत घ्यायची.

घाई आणि उशीर

पेसाह झाला, ऊन पडले, आता पेरू या, असे सर्वांना वाटते. पण पेसाहची तारीख चंद्रावर चालते. एखाद्या वर्षी तो मार्चच्या अखेरीस येतो, तर दुसरा आदार असलेल्या वर्षी एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. जमिनीला सण कळत नाही, तिला ऊब कळते. म्हणून मी मातीत खुपसायचा एक साधा थर्मामीटर ठेवते, कोणत्याही मश्तेलात मिळतो. सकाळी आठच्या सुमारास बोटभर खोल माती १८ अंश दाखवू लागली, आणि असे लागोपाठ चार-पाच दिवस झाले, की भेंडी पेरावी. थंड मातीत पेरलेले बी उगवत नाही, कुजते. आधी पेरून आठ दिवस वाचत नाहीत, उलट बी वाया जाते.

वेळ वाचवायची असेल तर ती घरात वाचवावी. पडवळ, दुधी, शिराळी यांची बिया एप्रिलच्या मध्यावर दह्याच्या रिकाम्या डब्यांत, तळाला भोक पाडून, उन्हाच्या खिडकीत पेराव्यात. मेमध्ये चार पानांची रोपे तयार असतात. पण ती एकदम बाहेर लावू नका. आठवडाभर रोज दिवसा बाहेर, रात्री आत, अशी त्यांना सवय लावावी. वेलवर्गीय रोपांची मुळे दुखावली की ती रुसतात, म्हणून डबा कापून मातीच्या गोळ्यासकट लावावीत.

वालाला शेंग का धरत नाही

आता वालाचे कोडे. वाल म्हणजे आपल्याला केवळ भाजी नव्हे. तिशा बेआवला आपल्या आज्या ‘बिरड्याचा सण’ म्हणत, यावरूनच वालाची आपल्या घरातील जागा कळते. अलिबाग, पेण, रोहा या पट्ट्यात भातकापणीनंतर उरलेल्या ओलीवर वाल पेरतात आणि थंडीत तो फुलतो. ते उगीच नाही. जुन्या जातीचा वाल दिवस लहान झाल्याशिवाय फुलावर येत नाही. झाड उबेबरोबर दिवसाची, खरे तर रात्रीची, लांबीही मोजते.

अलिबागला वर्षातला सर्वांत मोठा दिवस सव्वातेरा तासांचा असतो, तर त्स्फातला सव्वाचौदा तासांचा. मेमध्ये पेरलेला वाल इथे उन्हाळाभर नुसता वेल वाढवत बसतो, मांडव भरून जातो, पण फूल नाही. सप्टेंबरच्या अखेरीस दिवस बारा तासांच्या खाली येतो, मग ऑक्टोबरमध्ये कळ्या दिसतात. अश्दोदमध्ये पुढे अजून उबेचे दिवस असतात, त्यामुळे शेंग भरते. डोंगरात तोवर रात्री गारठतात, आणि फुले गळून जातात. यात तुमच्या हाताचा दोष नाही, दोष पंचांगाचा आहे.

यावर दोन उपाय आहेत. पहिला, दिवसाची लांबी न बघणारा बुटका वाल लावणे. बंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ‘अर्का जय’ आणि ‘अर्का विजय’ अशा जाती काढलेल्या आहेत. त्यांना मांडव लागत नाही आणि त्या उन्हाळ्यातही फुलतात. मात्र भारतातून येताना बॅगेत बी घालून आणू नका. परवानगी आणि तपासणीचा दाखला नसताना बी आणणे नियमाविरुद्ध आहे. रोग शिरू नये म्हणून तो नियम आहे, आणि तो आपल्याच बागेच्या भल्याचा आहे. इथे आधीपासून वाल लावणाऱ्यांकडे चौकशी करावी.

दुसरा उपाय जुनेच बी असलेल्यांसाठी. ते मेमध्ये पेरूच नका. जुलैच्या अखेरीस मोठ्या कुंडीत पेरा. वेल आटोपशीर राहतो आणि तरीही फुलण्याच्या वेळी तयार असतो. कळ्या दिसू लागल्या की कुंडी दक्षिणेकडील भिंतीशी सरकवा आणि रात्री वरून कापड टाका. मांडवभर पीक येणार नाही, पण एका घरापुरते बिरडे निघते.

जागा कुठली निवडावी

पुष्कळांना वाटते, जितके खाली तितके उबदार. दिवसा ते खरे आहे. पण निरभ्र, वारा नसलेल्या रात्री थंड हवा जड होऊन पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते आणि खोलगट जागी साचते. म्हणून कधी कधी डोंगराच्या उतारावरची बाग वाचते आणि पायथ्याच्या दरीतली करपते. तुमच्या अंगणातही हेच घडते. खालच्या बाजूस सलग भिंत किंवा दाट कुंपण असेल तर थंड हवा तिथे अडते. त्या कोपऱ्यात नाजूक काही लावू नका.

सर्वांत चांगली जागा दक्षिणेकडे तोंड असलेल्या दगडी भिंतीची. दिवसभर दगड तापतो आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडतो. हिमालयात ३,५०० मीटर उंचीवरील लेहमध्ये लोक याच तत्त्वावर हरितगृहे बांधतात. दक्षिणेला प्लास्टिक आणि बाकीच्या बाजूंना जाड मातीच्या भिंती. त्यात कडाक्याच्या हिवाळ्यातही पालेभाजी होते. आपल्याला एवढे काही करायचे नाही. मिरपेसेत दक्षिणेकडे असेल, तर भिंतीलगत कुंड्या आणि त्यांच्यामध्ये पाण्याने भरलेल्या चार-पाच मोठ्या बाटल्या ठेवाव्यात. पाणीही दिवसाची ऊब साठवते. बंद मिरपेसेतमध्ये ऊब देण्यासाठी शेगडी किंवा रॉकेलचा स्टोव्ह मात्र कदापि लावू नये. त्या धुराने माणसाचा जीव जातो.

काराची रात्र

दव गोठते त्याला इथे ‘कारा’ म्हणतात. ती रात्र ओळखता येते. संध्याकाळी आभाळ स्वच्छ, चांदण्या लखलखीत, पान हलत नाही, अशी रात्र धोक्याची. ढगाळ रात्र उलट सुरक्षित, कारण ढग गोधडीसारखे जमिनीची ऊब अडवतात. अशा दिवशी सकाळीच मातीला पाणी द्यावे. ओली माती कोरड्या मातीपेक्षा अधिक ऊब धरते. सूर्य मावळण्याआधी, माती अजून उबदार असतानाच, जुनी चादर किंवा मश्तेलात मिळणारे पांढरे पातळ कापड, ज्याला ‘आग्रिल’ म्हणतात, ते काठ्यांवर टाकून जमिनीपर्यंत सोडावे. रात्री नऊला झाकले तर अर्धी ऊब निघून गेलेली असते. प्लास्टिक टाकायचे असेल तर पानांना चिकटू देऊ नका. सकाळी ऊन आले की काढावे.

एवढे करूनही एखादे झाड करपले, तर लगेच कात्री चालवू नका. काळी पाने तशीच राहू द्या, ती आतल्या फांदीचे रक्षण करतात. वसंतात खालून कोंब फुटला की मग वरचे कापावे. कढीपत्ता तर हिवाळ्यात पाने गाळतोच. त्याला घरात उजेडात, पण हीटरपासून दूर ठेवावे आणि पाणी अगदी कमी द्यावे. मे महिन्यात तो पुन्हा पालवतो. अळूचे कंद नोव्हेंबरमध्ये काढून, माती झाडून, कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवावेत.

थंडीची देणगी

डोंगरावर काय होत नाही हे आपण नेहमी बोलतो, काय उत्तम होते ते विसरतो. मेथी, कोथिंबीर, पालक, मुळा, गाजर, वाटाणा, लसूण यांना थंडी हवीच असते. सपाटीवर कोथिंबीर उन्हाने लगेच फुलावर जाते. आमच्याकडे ती महिनोन् महिने कापता येते. सुक्कोतच्या सुमारास पेरले, की थंडी कडक होण्याआधी रोपे अंग धरतात. हनुक्का आल्यावर पेरले तर उगवून तशीच खुजी बसतात. गाजर थंडीत अधिक गोड होते, कारण गोठण्यापासून वाचण्यासाठी ते आपल्यातील पिष्टाची साखर करते. सफरचंद आणि चेरी यांनाही हिवाळी झोप लागते, म्हणूनच गोलानवर त्यांच्या बागा आहेत.

मलिद्याच्या ताटासाठी आमच्या घरी सब्जा लागतो. तो थंडीला अगदी हळवा. ऑगस्टमध्ये फांद्या छाटून पाण्यात ठेवाव्यात, मुळे फुटली की लहान कुंडीत लावून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवाव्यात. हिवाळाभर चार पाने हाताशी राहतात.

आपल्या वयासाठी चार गोष्टी

वाकून खुरपण्याचे दिवस गेले. कमरेएवढ्या उंचीचा लाकडी वाफा करून घ्यावा. तो वसंतात जमिनीपेक्षा लवकर तापतो, हा दुहेरी फायदा. मात्र हिवाळ्यात तो लवकर गारही होतो, म्हणून वर पालापाचोळा घालावा. जड कुंड्यांखाली चाकांची फळी ठेवावी. काराच्या सकाळी पायऱ्या निसरड्या असतात. कापड काढायला दहा वाजले तरी चालतील, झाड तेवढा वेळ थांबते. शमिता पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे, की पुढचे शमिता वर्ष ५७८९, म्हणजे २०२८च्या रोश हशानापासून. कुंड्यांविषयी आपल्या रब्बींना आधीच विचारून घ्यावे.

शेवटी बियांविषयी. पुष्कळ जणी पहिल्या शेंगा, पहिली भेंडी खाऊन टाकतात आणि हंगाम संपताना उरलेल्यातून बी धरतात. डोंगरावर हे उलट करावे. जे झाड सर्वांत आधी फळले, त्याचीच पहिली दोन-तीन फळे बियांसाठी सोडावीत. असे दरवर्षी केले की काही वर्षांत आपल्याच अंगणातले बी थोडे लवकर फळू लागते. भेंडीचे आणि वालाचे बी नीट कोरडे ठेवले तर दोन-तीन वर्षे चांगले उगवते, त्यानंतर कमी होत जाते. तेव्हा आईच्या किंवा सासूबाईंच्या वेळचे बी कोणाच्या कपाटात पुडीत बांधून ठेवलेले असेल, तर ते जपून ठेवू नका. त्यातले थोडे यंदाच पेरा, आणि त्यातून निघालेले दोघा-तिघांना वाटा. एका घरातले करपले तरी दुसऱ्या घरात ते राहील.