पदवीच्या वाटेवर मुले कोठे थांबतात?

आपल्या शाळेतून बाहेर पडलेली मुले-मुली महाविद्यालयात प्रवेश घेतात, हे आता नवलाचे राहिलेले नाही. मात्र प्रवेश घेतलेली सारीच पदवीपर्यंत पोहोचत नाहीत. या विषयावरील वडीलधाऱ्यांची चर्चा बहुधा ‘मुलांचे लक्ष नाही’ या वाक्यावर संपते. म्हणून यंदा आम्ही महाविद्यालयात शिकणाऱ्या माजी विद्यार्थ्यांनाच विचारले.

पैशाचा प्रश्न निघाला, परंतु आपण समजतो तसा नव्हे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध विद्यार्थ्यांना स्वाधार योजनेतून भोजन, निवास व निर्वाहासाठीची रक्कम बँक खात्यात मिळते. शिष्यवृत्तीही आहे. अडचण वेळेची आहे. खोलीचे भाडे दरमहा, खानावळीचे पैसे आगाऊ. शिष्यवृत्ती मात्र कधी सत्र उलटल्यावर हाती पडते. तोवर मुलगा कामाला लागतो, कामामुळे उपस्थिती घटते आणि पुढील लाभासाठी तर उपस्थितीच लागते! डॉ. बाबासाहेबांनी १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केले, तेव्हा नोकरी करून शिकणाऱ्यांसाठी सकाळचे वर्ग ठेवले होते. आजची मुले वेगळे काही मागत नाहीत.

दुसरी खिंड पहिल्या सत्राची. मराठी माध्यमातून गेलेल्यास इंग्रजीतील व्याख्यान झेपत नाही. दोन विषय राहतात, पुढच्या सत्रात त्यांचे चार होतात. घरी कोणी सांगत नाही. ‘जिद्द ठेव’ हा उपदेश मुलांना पुरेसा मिळाला आहे. त्यांना हवा आहे त्याच शाखेतला, एक वर्ष पुढे असलेला, जुन्या प्रश्नपत्रिका घेऊन शेजारी बसणारा कोणी.

मुलींनी आणखी एक भीती बोलून दाखवली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार एक वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन थांबता येते. स्थळ आले की घरचे हाच कागद पुढे करतील, असे त्यांना वाटते. आम्हांस ही भीती रास्त वाटते. मिळवलेले श्रेयांक खात्यावर जमा राहतात व पुढे शिक्षण चालू करता येते, ही सोय चांगली. पण सासरहून परतून वर्गात बसणे किती जणींना जमेल?

पुणे, मुंबई, नागपूर येथे स्थायिक झालेल्या माजी विद्यार्थ्यांनी पहिल्या वर्षाच्या एकेका मुलाची जबाबदारी घ्यावी, शिष्यवृत्ती येईपर्यंत भाड्यापुरती उसनवारी द्यावी आणि दिवाळीपूर्वी त्याचे किती विषय राहिले, हे न रागावता विचारावे, एवढीच मुलांची मागणी आहे.