एका ख्रिस्ती वाचकाचीं आवडतीं पुस्तकें

एखाद्या ख्रिस्ती माणसाला आपल्या आवडत्या पुस्तकांविषयीं बोलावयास सांगितलें, कीं तो बायबलापलीकडे फारसा जाणार नाहीं, आणि गेलाच तर उपदेशपर चोपड्यांपर्यंत जाईल, अशी पुष्कळांची समजूत असते. ती अगदींच निराधार आहे असें मला म्हणवत नाहीं. अशा चोपड्या आमच्या घरांतून पुष्कळ असतात, आणि त्यांपैकीं अनेकींत एकच क्रम आढळतो. मनुष्यावर संकट येतें, तो प्रार्थना करतो, आणि शेवटच्या पानावर संकट टळतें. परंतु ज्यांचें संकट टळलें नाहीं, त्यांनीं काय वाचावें?

हा प्रश्न मनांत ठेवून गेल्या पाव शतकांतील जीं पुस्तकें मीं वाचलीं, त्यांपैकीं पांच आज आपल्यापुढें ठेवीत आहें. त्यांत एक कादंबरी आहे, एक आजारपणाची हकीकत आहे, एक इतिहासग्रंथ, एक काव्यसंग्रह आणि एक आत्मचरित्र आहे.

कादंबरी म्हणजे अमेरिकन लेखिका मेरिलिन रॉबिन्सन यांची ‘गिलियड’. यांची पहिली कादंबरी १९८० सालीं निघाली. त्यानंतर चोवीस वर्षांनीं, २००४ सालीं, ही दुसरी आली, आणि पुढील वर्षीं तिला पुलित्झर पारितोषिक मिळालें. स्थळ आयोवा प्रांतांतील एक काल्पनिक लहानसा गांव, काळ १९५६. जॉन एम्स नांवाचा शहात्तर वर्षांचा पाळक हृदयविकारानें आजारी आहे. उतारवयांत झालेला त्याचा मुलगा आतां कोठें सात वर्षांचा होत आला आहे. मुलगा मोठा होईल तेव्हां आपण नसूं, हें जाणून बाप त्याच्यासाठीं एक लांबलचक पत्र लिहून ठेवतो. तें पत्र म्हणजेच ही कादंबरी. एम्सच्या जिवलग मित्राचा वाया गेलेला मुलगा जॅक गांवीं परततो, आणि जन्मभर व्यासपीठावरून क्षमेचा उपदेश केलेल्या या वृद्धाला त्या एका माणसाला क्षमा करणें जड जातें. जॅकची बायको कृष्णवर्णी आहे, आणि कायद्याच्या दृष्टीनें ती बायकोच नाहीं. अशा विवाहांना त्या काळीं अमेरिकेच्या अनेक राज्यांत बंदी होती. ती सर्वत्र उठली १९६७ सालीं. हें सारें कळल्यावरहि म्हाताऱ्याच्या हातांत फारसें कांहीं उरत नाहीं. गांव सोडून निघालेल्या जॅकच्या मस्तकावर हात ठेवून तो आशीर्वाद देतो, एवढेंच. संकट टळत नाहीं, पण क्षमा या शब्दाचें वजन वाचकाला कळून येतें.

दुसरें पुस्तक केट बोलर यांचें, २०१८ सालचें. त्याच्या नांवाचा मराठींत अर्थ करावयाचा तर ‘प्रत्येक गोष्टीला कारण असतें, आणि मला आवडलेल्या इतर थापा’ असा होईल. बोलर या धर्मेतिहासाच्या अध्यापिका. खरी श्रद्धा असली म्हणजे देव आरोग्य आणि पैसा देतोच, असें शिकविणारा एक पंथ अमेरिकेंत बळावला आहे. त्याचा इतिहास त्यांनीं २०१३ सालीं लिहिला होता. पुढें वयाच्या पस्तिसाव्या वर्षीं, घरांत लहान मूल असतांना, आंतड्याचा कर्करोग शेवटच्या पायरीला पोंचल्याचें त्यांना समजलें. तेव्हां त्यांच्या ध्यानांत आलें, कीं ज्या मताची आपण चिकित्सा केली तें आपल्याहि मनांत दडून बसलें होतें. आपण चांगलें वागलों, तर आपलें वाईट होणार नाहीं, असा हिशोब त्यांनींहि नकळत मांडला होता. पुस्तकाच्या शेवटीं दुःखितांशीं काय बोलूं नये आणि काय बोलावें याच्या याद्या आहेत. आपल्याकडे समाचाराला जाणाऱ्या प्रत्येकानें त्या वाचाव्या असें मला वाटतें. ‘देवाची इच्छा’ हे शब्द आपण किती सहज उच्चारतों, आणि ऐकणाऱ्याला ते कसे लागतात, हें तेथें उमगतें.

तिसरा ग्रंथ ब्रिटिश इतिहासकार टॉम हॉलंड यांचा ‘डोमिनियन’. हा २०१९ सालीं प्रसिद्ध झाला. लेखकाची बाळपणची श्रद्धा लौकरच ओसरली होती, आणि त्यांचें मन रमलें तें ग्रीक व रोमन वीरांत. परंतु त्या वीरांच्या सहवासांत वर्षें घालविल्यावर त्यांचें क्रौर्य त्यांना परकें वाटूं लागलें. क्रूसावर खिळणें ही रोमन राज्यांत मुख्यत्वें गुलामांना द्यावयाची शिक्षा. तशा मरणानें मेलेल्याला देव मानणारा धर्म पसरला, आणि दुर्बळालाहि प्रतिष्ठा आहे हा विचार त्यांतून पाश्चात्य जगांत रुजला, असें त्यांचें प्रतिपादन आहे. ग्रंथ मोठा, आणि चर्चच्या पापांवर पांघरूण न घालणारा आहे. तरीहि येथील वाचकानें तो सावधपणें वाचावा. वसईशेजारच्या सोपारें येथें १८८२ सालीं अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सांपडला. मृगयेच्या सहली सोडून राजानें धर्मयात्रा आरंभिल्या, श्रमण-ब्राह्मणांना व वृद्धांना दानें दिलीं, असा त्या लेखाचा आशय आहे, आणि तो ख्रिस्तजन्मापूर्वीं सुमारें अडीचशें वर्षांचा आहे. करुणा ही एकाच धर्माची मिरास नव्हे, हें वसईच्या ख्रिस्ती माणसाला शेजारच्या गांवींच शिकतां येतें. हॉलंड यांचें म्हणणें युरोपापुरतें मानलें, तर तें पुष्कळसें पटतें.

चौथें पुस्तक कवितेचें. इंग्रज धर्मगुरु माल्कम गाइट यांच्या ‘साउंडिंग द सीझन्स’ या २०१२ सालच्या संग्रहांत सत्तर सुनीतें आहेत. केशवसुतांनीं मराठींत आणलेला हा चौदा ओळींचा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. नाताळापूर्वींच्या आगमनकाळापासून चर्चच्या वर्षांत जे सण व उपास येतात, त्यांच्या क्रमानें ही रचना चालते. त्यांत क्रूसाच्या वाटेवरील चौदा स्थानांवर चौदा सुनीतें आहेत. या कवितांत यमक आहे, वृत्त आहे, आणि मोठ्यानें वाचल्यावांचून त्यांचा खरा आनंद मिळत नाहीं. घरच्या प्रार्थनेच्या वेळीं एकेक वाचावी. घाईनें सबंध पुस्तक संपविणाऱ्याचें त्यांत नुकसानच आहे.

शेवटचें पुस्तक नवें, आणि जुनेंहि. लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ १९३४ सालापासून भागाभागांनीं प्रसिद्ध होऊं लागलीं. त्यांचें एक इंग्रजी भाषांतर १९५० सालीं निघालें होतें. शांता गोखले यांनीं २०१७ सालीं नवें केलें. ज्या घरांतील मुलांना मराठी वाचन सुखाचें राहिलेलें नाहीं, त्यांच्या हातीं तें अवश्य द्यावें. १८९५ सालीं नारायण वामन टिळकांनीं बाप्तिस्मा घेतला, तेव्हां लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळलें. पुढें कांहीं वर्षें दोघें वेगळीं राहिलीं. मग सोंवळेंओंवळें त्यांनीं स्वतःच्या विचारानें टाकलें, आणि अखेर स्वतःहि ख्रिस्ती झाल्या. पण या कथेंत पतीचा विसराळूपणा व संताप, घरांतील ओढाताण, आणि स्वतःचें भाबडेपण, यांतील कांहींच त्यांनीं झांकलें नाहीं. जें रडवितें त्याच पानावर हंसूं येतें. धर्मांतराची इतकी अहंकाररहित कहाणी मीं दुसरी वाचलेली नाहीं.

आरंभींच्या प्रश्नाकडे वळतों. या पांच पुस्तकांतील एकहि पुस्तक संकट टाळण्याचा उपाय सांगत नाहीं. त्यांतील माणसें मृत्यूपुढें, संतापापुढें, संशयापुढें उभीं असतात, आणि खोटें न बोलतां श्रद्धेनें वागूं पाहतात. एवढें जें पुस्तक दाखवितें, तें ख्रिस्ती वाचकाच्या कामाचें आहे, मग त्यावर ख्रिस्ताचें नांव असो वा नसो. आपल्यापैकीं कोणी उद्यां एखाद्या दुःखी घरीं जाणार असाल, तर बोधवचनांची चोपडी बरोबर नेऊं नये. बोलर यांचें लहानसें पुस्तक आधीं स्वतः वाचावें, आणि तेथें गेल्यावर बहुधा गप्प बसावें. पुस्तकें द्यावयाचीं तीं मागाहून देतां येतील.