येशूचं मिशन नेमकं काय होतं, आणि ख्रिस्ती माणूस ते दुसऱ्याला का सांगतो?

बोईसर-चिल्हार रोडवरच्या बेटेगावातून बोलतोय. तुमच्यातले बरेच जण हे तारापूर एमआयडीसीच्या शिफ्टला जाताना कानात इअरफोन घालून ऐकतात, ज्यांना वाचायचंय त्यांच्यासाठी हा लिखित भाग.

प्रश्न तुमचाच आहे. देवळात जाणारा माणूस शेजाऱ्याला ‘तू पण ये’ म्हणत दारोदार फिरत नाही. मग ख्रिस्ती लोकांना सांगायचंच का असतं? आपल्या जिल्ह्यात यावरून घरात भांडणं होतात, पाड्यापाड्यांवर वाद होतात. मी धर्मशास्त्राचा माणूस नाही, कोड लिहितो. पण रिक्वायरमेंट न वाचता बग काढायचा नाही ही सवय आहे, म्हणून सरळ शुभवर्तमानं उघडली.

आधी शब्द बघू. ‘मिशन’ हा मूळ लॅटिन शब्द, अर्थ ‘पाठवणं’. ख्रिस्ती समजुतीत पहिला पाठवलेला खुद्द येशू. लूकच्या शुभवर्तमानात तो आपल्या गावी, नासरेथला, सभास्थानात उभा राहून यशया संदेष्ट्याचा जुना ग्रंथ वाचतो. गरिबांना चांगली बातमी, कैद्यांना सुटका, आंधळ्यांना दृष्टी, दडपलेल्यांना मोकळीक असा तो मजकूर. वाचून झाल्यावर तो म्हणतो की हे आज पूर्ण झालं. एका अर्थी हाच त्याचा जाहीरनामा. थोड्याच वेळात गाववाले चिडून त्याला कड्यावरून ढकलायला निघतात! म्हणजे घरच्या गावातच पहिला नकार.

पण ख्रिस्ती श्रद्धा तेवढ्यावर थांबत नाही. माणूस पापामुळे देवापासून तुटला, येशूने क्रुसावर स्वतःचा जीव देऊन तो दुरावा मिटवला आणि तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला, हा त्यांच्या विश्वासाचा गाभा. कोणी दवाखाने, शाळा, अन्यायाशी लढा यावर जास्त भर देतं, कोणी आत्म्याच्या तारणावर. मला वाटतं, शुभवर्तमानात या दोन गोष्टी वेगळ्या काढताच येत नाहीत. आजाऱ्याला बरं करणं आणि पापांची क्षमा कधीकधी एकाच प्रसंगात येतात.

आता सांगण्याचा भाग. मत्तयच्या शेवटी गालीलातल्या डोंगरावर अकरा शिष्य जमतात. येशू त्यांना सांगतो, सगळ्या राष्ट्रांत जा, शिष्य करा, बाप्तिस्मा द्या, शिकवा. त्या अकरांतल्या काहींना तेव्हाही शंका होती असं मत्तय स्वतः नोंदवतो. मला ही ओळ फार आवडली. आणि या कामासाठी ख्रिस्ती शब्द आहे ‘साक्ष’. व्हॉट्सॲपवर आलेला मेसेज न वाचता पुढे ढकलणं म्हणजे साक्ष नव्हे. माझ्यासोबत काय झालं ते मी सांगतो, ही साक्ष. बातमी चांगली आहे असं मनापासून वाटलं, तर ती स्वतःपाशी ठेवणं त्यांना कंजूषपणा वाटतो.

मग जबरदस्तीचं काय? लूकच्या नवव्या अध्यायात एक शोमरोनी गाव येशूला थारा देत नाही. याकोब आणि योहान विचारतात, आकाशातून आग पाडू का? येशू त्यांनाच दटावतो आणि सगळे दुसऱ्या गावाकडे निघतात. पुढच्याच अध्यायात शिष्यांना सूचना आहे: पैशाची थैली घेऊ नका, गावाने स्वीकारलं नाही तर पायाची धूळ झटका आणि निघा. ‘नाही’ म्हणायची सोय मूळ आदेशातच आहे.

इतिहासात हे नेहमी पाळलं गेलं नाही, हेही स्पष्ट सांगायला हवं. गोव्यात १५६० साली पोर्तुगीजांनी इन्क्विझिशन सुरू केलं. निरोपासोबत सत्तेची काठी आली की तो शोमरोनी गावाचा प्रसंग विसरला जातो.

‘मिशनरी म्हणजे बाहेरून आलेला गोरा’ असंही आपण धरून चालतो. आपल्याच जिल्ह्यातल्या वसईचा गोन्सालो गार्सिया उलट इथून गेला. जन्म साधारण १५५७ चा. जपानमध्ये भाषा शिकला, व्यापार केला, नंतर फ्रान्सिस्कन ब्रदर झाला आणि दुभाषा म्हणून पुन्हा जपानला गेला. तिथे त्याच्यामागे सैन्य नव्हतं. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत इतर २५ जणांसोबत त्याला क्रुसावर मारलं. १८६२ मध्ये पोपनी त्याला संत जाहीर केलं.

आणि मराठीत या विषयाची सगळ्यात खरी किंमत कळते ती नारायण वामन टिळकांच्या घरात. रेल्वेच्या प्रवासात एका युरोपियन माणसाने त्यांना नवा करार दिला. टिळकांनी तो वाचला, डोंगरावरच्या प्रवचनाने ते हलले आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचा संसार त्या दिवशी मोडला. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. पुढे त्या परत आल्या, पण आपलं सोवळं-ओवळं घेऊन! जातपात खोटी आहे हे त्यांना हळूहळू, स्वतःच्या विचाराने पटलं आणि सुमारे पाच वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ वाचा, त्यात नवऱ्याची खिल्लीही आहे आणि घुसमटही. धर्म बदलणाऱ्याच्या घरच्यांवर काय येतं, ते त्यातून कळतं.

टिळकांनी सांगण्याची पद्धतही बदलली. परदेशी चालीऐवजी अभंग, ओवी, कीर्तन. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ काढला, जिथे बाप्तिस्मा न घेतलेल्या येशूभक्तालाही जागा होती. चर्चमधल्या काहींना हे रुचलं नाही.

कायद्याचं थोडक्यात. संविधानाच्या कलम २५ मध्ये धर्म पाळण्याबरोबर त्याचा प्रसार करण्याचंही स्वातंत्र्य आहे, सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्याच्या मर्यादेत. १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रसार म्हणजे आपली तत्त्वं समजावून सांगणं. दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. म्हणजे दारात आलेला माणूस बोलू शकतो. ऐकायचं की दार लावायचं, ते तुम्ही ठरवायचं.

टिळक १९१९ मध्ये गेले तेव्हा येशूच्या जीवनावरचं त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केलं.