मावशीचा खांदा आणि चिनी सुई

मावशीचं गाव तासगाव तालुक्यात, घरची द्राक्षबाग. ज्यांनी बागेत काम केलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: विरळणीच्या दिवसांत बाया मांडवाखाली उभ्या राहतात. मान मागे, दोन्ही हात डोक्याच्या वर, हातात कात्री, आणि घडातले नको असलेले मणी काढता काढता दिवस मावळतो. असे तीस हंगाम काढल्यावर मावशीचा उजवा खांदा इतका धरला की तिला स्वतःचा अंबाडा घालता येईना. गोळ्या झाल्या, शेक झाला, मालिश झाली. मग सांगलीत अ‍ॅक्युपंक्चर करणाऱ्या एका डॉक्टरांकडे मी तिला घेऊन गेलो. हा लेख त्या खोलीत, तिच्या शेजारच्या स्टुलावर बसून सुरू झाला.

डॉक्टरांनी आधी दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी पाहिली, मग जीभ. सुईचं सीलबंद पाकीट आमच्यासमोर फोडलं. सुई म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर इंजेक्शनची सुई येते. ती पोकळ असते, टोक तिरकं कापलेलं असतं आणि ती कातडी चिरत जाते. ही भरीव, जेमतेम पाव मिलिमीटर जाडीची, केसासारखी लवते. तिच्यावर बारीक प्लॅस्टिकची नळी धरायची, वरून बोटाने एक टिचकी मारायची, की ती कातडीच्या आत. पुढचं खरं काम बोटांचं. डॉक्टर सुई हलकेच फिरवत, खालीवर करत होते आणि मावशीला विचारत होते, "जड वाटतंय का?" थोड्या वेळाने मावशी म्हणाली, "टोचल्यालं कळलं न्हाई, पर आता आत कायतरी वढल्यागत हुतंय." डॉक्टर तिथेच थांबले. या ओढीला, जडपणाला, मुंग्यांना चिनी वैद्य 'ची आली' असं म्हणतात.

ची म्हणजे शरीरात अखंड वाहणारी प्राणशक्ती. ती ठरावीक वाटांनी वाहते. मुख्य वाटा बारा, सहा यिन आणि सहा यांग, एकेक वाट एकेका अवयवाशी बांधलेली. यिन म्हणजे सावली, गारवा, स्थिरता. यांग म्हणजे ऊन, उष्णता, हालचाल. दोन्हींचा तोल बिघडला किंवा वाट कुठे अडली की दुखणं. लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी ही पाच तत्त्वं एकमेकांना पोसतात आणि आवरतातही. वात-पित्त-कफ ऐकत वाढलेल्या माणसाला हे फार परकं वाटत नाही. मला तर शेतातला पाट आठवला. एका ठिकाणी दारं अडलं की वरच्या वाफ्यात पाणी तुंबतं आणि खालचा वाफा कोरडा पडतो. सुई म्हणजे ते दारं मोकळं करणारं खोरं. म्हणूनच दुखणं खांद्यात असलं तरी मावशीच्या पायावरही एक सुई लागली.

ती जागा कशी शोधली, तेही पाहण्यासारखं होतं. गुडघ्याच्या वाटीखाली मावशीचीच चार बोटं आडवी ठेवली आणि नडगीच्या किंचित बाहेर सुई टोचली. या बिंदूचं चिनी नाव 'त्सू-सान-ली', म्हणजे पायावरचे तीन ली. ली हे अंतराचं जुनं माप, साधारण अर्धा किलोमीटर. माप रोग्याच्या स्वतःच्या अंगठ्याच्या रुंदीने घ्यायचं, वैद्याच्या नव्हे. आयुर्वेदातलं स्वांगुल प्रमाण हेच सांगतं. उंचापुऱ्या पैलवानाला आणि ठेंगण्या म्हातारीला एकच फूटपट्टी लावायची नाही, ही समज दोन्ही देशांत होती. जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाण मानलेले असे बिंदू ३६१ आहेत.

यामागचा इतिहास जुना आहे, पण सांगितला जातो तितका सरळ नाही. चीनमधल्या मावांगत्वी इथे १९७३मध्ये इ. स. पूर्व १६८मधल्या थडग्यातून वैद्यकाची रेशमी हस्तलिखितं निघाली. त्यांत शरीरातल्या अकरा वाटा आहेत. बारावी नाही, आणि सुयाही नाहीत. आहे तो शेक. हान घराण्यातला राजपुत्र ल्यू शंग इ. स. पूर्व ११३मध्ये वारला. त्याच्या थडग्यात सोन्याच्या आणि चांदीच्या सुया सापडल्या. ज्याला या विद्येचा मूळ ग्रंथ मानतात तो 'ह्वांगती नेइचिंग' याच काळाच्या आसपास आकाराला आला. म्हणजे आधी शेक, मग सुई. चिनी भाषेत या विद्येचं नावच 'चन-च्यू' आहे: चन म्हणजे सुई, च्यू म्हणजे जाळून दिलेला शेक. आपल्याकडे येताना मात्र नावातली सुई तेवढी राहिली.

तो शेक ज्या पाल्याचा देतात ती वनस्पती आपल्या दवण्याच्या कुळातली. पाला वाळवून, कुटून त्याची कापसासारखी लव करतात, वळून पेटवतात आणि बिंदूजवळ धरतात. चैत्रात जोतिबाला जाणाऱ्या सातारा-सांगलीच्या माणसांना हा वास ओळखीचा वाटेल. पाडळीच्या सासनकाठीमागून डोंगर चढताना हातात दवणाच असतो.

या विद्येतली मला सर्वांत आवडलेली वस्तू म्हणजे सोंग राजवटीतला काशाचा माणूस. वांग वेइयी या राजवैद्याने १०२७मध्ये माणसाएवढे दोन पुतळे ओतवून घेतले. प्रत्येक बिंदूच्या जागी छिद्र होतं. परीक्षेच्या वेळी पुतळ्यावर मेण चढवून छिद्रं बुजवत आणि आत पाणी भरत, अशी परंपरेने सांगितलेली हकिकत आहे. विद्यार्थ्याने सांगितलेल्या बिंदूवर सुई टोचायची. पाणी आलं तर उत्तीर्ण.

पुढे मानमरातब ओसरला. १८२२मध्ये सम्राट दाओग्वांगने राजवैद्यकीय संस्थेतून अ‍ॅक्युपंक्चर बाद केलं. १९२९मध्ये तर सगळ्या देशी वैद्यकावरच बंदी आणायचा घाट घातला गेला, तो वैद्यांनी हाणून पाडला. आणि याच चीनमध्ये नऊ वर्षांनी आपला सोलापूरचा मुलगा पोचला.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस. जन्म सोलापूरचा, १९१०चा. जपानने चीनवर आक्रमण केल्यावर सेनापती चू दे यांनी पंडित नेहरूंकडे मदत मागितली. काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं: अटल, नागपूरचे चोळकर, कोटणीस, कलकत्त्याचे विजयकुमार बसू आणि मुखर्जी. सप्टेंबर १९३८मध्ये ते मुंबईहून बोटीने निघाले. कोटणीस परतले नाहीत. बेथून या कॅनेडियन डॉक्टरांच्या नावाच्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते प्रमुख झाले, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी गेले. कोल्हापूरच्या व्ही. शांतारामांनी १९४६मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला.

अ‍ॅक्युपंक्चरवाले कोटणिसांचं नाव आदराने घेतात, म्हणून एक गोष्ट नीट सांगायला हवी. कोटणीस शल्यविशारद होते. त्यांचं काम आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया करण्याचं होतं, सुयांचं नव्हे. लाल सैन्याच्या मुलखात औषधांचा तुटवडा इतका होता की १९४४च्या सुमारास माओंनी नव्या आणि जुन्या वैद्यांना एकत्र काम करायला सांगितलं. चू लिएन ही पाश्चात्त्य वैद्यक शिकलेली डॉक्टर तिथे सुया शिकली, आणि एप्रिल १९४५मध्ये येनानच्या रुग्णालयात अ‍ॅक्युपंक्चरचा विभाग उघडला. त्या रुग्णालयालाही बेथून यांचंच नाव होतं. तोवर कोटणिसांना जाऊन दोन वर्षं होऊन गेली होती. सुई भारतात आणली ती त्यांचे सहकारी डॉ. बसू यांनी. ते पुन्हा चीनला गेले, शिकले आणि १९५९पासून कलकत्त्यात उपचार करू लागले. जगाचं लक्ष गेलं ते त्यानंतर बारा वर्षांनी, अमेरिकन पत्रकार जेम्स रेस्टन यांचं पेकिंगमध्ये अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं आणि नंतरच्या पोटदुखीवर सुया लावल्याचं त्यांनी १९७१मध्ये लिहिलं तेव्हा.

आता गुणाचं काय? शवविच्छेदनात या वाटा सापडत नाहीत. सुईने मज्जातंतू चेतवले जातात आणि शरीर स्वतःची वेदनाशामक द्रव्यं सोडतं, हे दिसलेलं आहे. जर्मनीत ११६२ कंबरदुखीच्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००७मध्ये आले. शास्त्रोक्त सुयांनी ४७.६ टक्क्यांना बरं वाटलं. बिंदू सोडून भलतीकडे वरवर टोचलेल्या सुयांनी ४४.२ टक्क्यांना, आणि नेहमीच्या औषध-व्यायामाने २७.४ टक्क्यांना. हे आकडे मी पुन्हा पुन्हा वाचले. सुईने कंबर हलकी होते, हे खरं दिसतं. पण नेमक्या बिंदूचं जे माहात्म्य ग्रंथांत आहे त्याला हे आकडे फारसा आधार देत नाहीत. दोन्ही गोष्टी एकाच वेळी मान्य कराव्या लागतात. जुनाट कंबरदुखी, गुडघेदुखी, अर्धशिशी, ऑपरेशननंतरची मळमळ, इथवर सुईवर भरवसा ठेवायला माझी हरकत नाही. कर्करोग किंवा मधुमेह सुईने घालवतो म्हणणाऱ्याच्या दारात मात्र पाऊल ठेवू नये.

आठ वेळा बसल्यावर मावशीचा हात डोक्यामागे जाऊ लागला. पूर्ण नाही. बागेत ती आता खालचे घड घेते आणि वरचे सुनेवर सोडते, त्याचाही वाटा असेल. पण अंबाडा तिचा ती घालते, आणि तिच्या लेखी हिशेब तिथे पुरा होतो.

सोनाराने कान टोचावेत असं आपण म्हणतो ते उगाच नाही. महाराष्ट्राने २०१५चा अ‍ॅक्युपंक्चर अधिनियम करून या उपचारासाठी परिषद आणि नोंदणी आणली, आणि २०१९मध्ये केंद्रानेही या पद्धतीला मान्यता दिली. खांद्यावर किंवा छातीवर सुई वाजवीपेक्षा खोल गेली तर फुफ्फुसाला इजा होऊ शकते, आणि एकाची सुई दुसऱ्याला लावली तर काविळीचा विषाणू जातो. तेव्हा सातारा असो, सांगली असो, सुया लावून घ्यायला जाल तेव्हा आधी भिंतीवरचं नोंदणीचं प्रमाणपत्र वाचा, सुयांचं पाकीट डोळ्यांदेखत फोडायला सांगा, आणि रक्तदाबाची गोळी चालू असेल तर ती सोडू नका.